सोलापुरात मुक्काम: मंडई, खानावळी आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला मुलगा

वाशिष्ठीकाठ

नमस्कार. तुळजापूरची भवानी आमची कुलदेवता आहे आणि सासूबाईंची अक्कलकोटच्या स्वामींवर श्रद्धा आहे, त्यामुळे चिपळूणहून आमचे सोलापूरमार्गे जाणे नेहमीचे आहे. तरीही सोलापूर शहर आम्ही कधी पाहिले असे म्हणता येणार नाही. गाडी थांबवायची, चादरी व टॉवेल घ्यायचे, चहा प्यायचा आणि पुढे निघायचे, असेच आजवर होत आले. या वेळी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शनिवार-रविवार शहरातच मुक्काम करावा, तेथील मंडई व बाजार नीट पाहावा आणि लोक रोज जे खातात ते खावे, असा विचार आहे. देवदर्शन सोमवारी करू.

माझ्या शंका अशा आहेत. सकाळच्या वेळी कोणत्या मंडईत जावे? मार्केट यार्डात बाहेरच्या माणसाला जाता येते का, आणि तेथे किरकोळ खरेदी होते का? मटण-भाकरीची खानावळ निवडताना काय पाहावे? सासूबाई शाकाहारी आहेत, त्यांच्यासाठी काय पाहावे?

सर्वांत महत्त्वाची अडचण मात्र वेगळीच आहे. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. ती डॉक्टरांनी तपासण्या करून निश्चित केलेली आहे आणि ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन आमच्याजवळ कायम असते. सोलापूर म्हटले की लोक शेंगाचटणीचेच नाव घेतात. अशा शहरात त्याला घेऊन खाण्यासाठी म्हणून राहणे शहाणपणाचे ठरेल का? घरात दोन मते आहेत. कृपया स्पष्ट लिहावे.

पूर्वभाग

नमस्कार ताई. आधी मुलाविषयी लिहितो, कारण बाकी सगळे त्यावर अवलंबून आहे.

सोलापूरच्या स्वयंपाकात शेंगदाणा किती खोलवर गेलेला आहे याची कल्पना बाहेरच्या माणसाला चटणीवरून येत नाही. चटणी ताटात डोळ्यांना दिसते, म्हणून ती टाळता येते. कूट मात्र दिसत नाही. हा कोरडवाहू मुलूख आहे. येथे नारळ पिकत नाही आणि रस्सा दाट करण्याचे जे काम तुमच्याकडे ओले खोबरे करते, ते आमच्याकडे शेंगदाण्याचे कूट करते. भरल्या वांग्यात कूट असते, शेपू-मेथीच्या भाजीत असते, काकडीच्या कोशिंबिरीत असते, आमटीत असते आणि उपवासाच्या खिचडीत तर असतेच. शिवाय पुष्कळ घरांत आणि खानावळींत फोडणीला शेंगतेलच वापरतात. त्यातही घाण्याचे तेल लोकांना आवडते, आणि घाण्याच्या तेलात शेंगदाण्याचा अंश राहतो, म्हणून ते शुद्धीकरण केलेल्या तेलापेक्षा ॲलर्जीच्या दृष्टीने अधिक धोक्याचे असते.

ज्या ठिकाणी आपण निर्धास्त होतो तेथेच सर्वांत मोठा धोका आहे, आणि ती जागा म्हणजे सकाळची इडली. आमचा पूर्व भाग हा बहुतांश पद्मशाली विणकरांचा. तेलंगणातून आलेली ही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मागावर काम करत आली, पुढे यंत्रमाग आले, आणि पाळीवर जाणाऱ्या माणसाला पहाटे पोटभर व स्वस्त खायला लागते म्हणून गल्लोगल्ली इडली, डोसा व उत्तप्पा मिळू लागला. खाण्यासाठी आलेल्या कोणालाही मी आधी हीच न्याहारी करायला सांगेन. परंतु त्या इडलीबरोबर जी पांढरट चटणी येते ती तुम्हाला खोबऱ्याची वाटेल आणि पुष्कळदा ती पल्ली चटणी, म्हणजे भाजलेल्या शेंगदाण्यांची असते. इडली कोरडी मागितली तरी वाढणारा हात तोच असतो आणि पळीही तीच असते. आपल्या मुलाला या गाड्यांवर काहीही देऊ नये, असे मी अगदी स्पष्ट सांगतो. पोहे आणि सुशिला यांच्या बाबतीतही हेच समजावे, कारण चुरमुऱ्यांच्या सुशिल्यात शेंगदाणे असतातच.

मोठ्यांसाठी मात्र पूर्व भागातील सकाळ चुकवू नये. साडेसहा-सातला निघा. नऊनंतर चांगल्या गाड्यांवरचे पीठ संपलेले असते. दुकानात आपापसांत तेलुगू बोलणे चालू असेल, पण मराठी सर्वांना येते. वाढणाऱ्या बाईंना ‘अक्का’ म्हणावे.

आता खानावळीविषयी. मी हॉटेलांची नावे देत नाही, कारण आचारी बदलला की चव बदलते आणि नाव ऐकून गेलेल्या पाहुण्याच्या पदरी निराशा येते. मी स्वतः एकच गोष्ट पाहतो. भाकरी मागितल्यावर थापून तव्यावर टाकतात, की फडक्यात बांधून ठेवलेल्यांतून काढून देतात? थापण्याचा आवाज येत असेल आणि थोडे थांबावे लागत असेल, तर बसावे. दुसरी खूण म्हणजे मटणाच्या ताटात आळणी मिळते का. तिखट न घालता शिजवलेल्या मटणाचे हे पाणी वेगळे वाढण्यासाठी मटण त्या दिवशी, तेथेच आणि निगुतीने शिजवावे लागते. आधी आळणी, मग सुके मटण, मग रस्सा भाकरीवर ओतून, असा आमचा क्रम आहे. सावजी अशी पाटी दिसली तर जरूर जा. येथील सावजी खानावळी सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाच्या आहेत आणि नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाच्या सावजीपेक्षा त्यांची परंपरा वेगळी आहे. तिखटपणा दोन्हीकडे आहे, पण चव एक नाही. विजापूर वेस भागात बिर्याणी आणि दालचा मिळतो. रमजानच्या महिन्यात तेथील रात्रीचा मीना बाजार पाहण्यासारखा असतो, परंतु तुमचा प्रवास त्या काळात नाही. उजनी धरणातील चिलापी आणि रोहूही खानावळींत मिळतात. ज्यांच्या घरी समुद्राची मासळी येते त्यांनी त्यासाठी वेळ घालवू नये, असे मला वाटते.

काळी_माती

राम राम. मी दक्षिण सोलापूर तालुक्यातील शेतकरी आहे आणि दर हंगामात माझा कांदा हैदराबाद रस्त्यावरील श्री सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समितीत येतो, म्हणून यार्डाविषयी मी लिहावे हे बरे.

यार्डात जायला कोणाची मनाई नाही. परंतु काय पाहायला जातो आहोत हे आधी समजून घ्यावे. डिसेंबर आणि जानेवारी हे आमच्याकडे कांद्याचे महिने. या काळात सोलापूरच्या यार्डात आपल्या जिल्ह्याबरोबरच धाराशिव, अहिल्यानगर, पुणे आणि सीमेपलीकडील कर्नाटकातूनही कांदा येतो, रोज शेकडो गाड्या लागतात, आणि आवक फारच वाढली तर लिलाव एखादा दिवस बंद ठेवावे लागतात. रात्रभर गाड्या उतरतात, हमाल पिशव्यांच्या थप्प्या लावतात आणि सकाळी आडत्याच्या दुकानापुढे उघड लिलाव होतो. खरेदीदारांचा घोळका एका ढिगापासून दुसऱ्या ढिगाकडे सरकत जातो, एक पिशवी फोडून माल पाहिला जातो आणि काही क्षणांत भाव पुकारला जातो. वर्षभर राबलेल्या माणसाचे वर्ष कसे गेले हे त्या काही क्षणांत ठरते. म्हणून माझी विनंती एवढीच आहे की तेथे उभे राहून पाहावे, चौकशी करावी, लोक प्रेमाने सांगतील. परंतु भाव पडलेल्या दिवशी शेतकऱ्याच्या तोंडासमोर भ्रमणध्वनी धरून चित्रण करू नये.

तेथे एक-दोन किलोची खरेदी होत नाही. लिलाव घाऊक मालाचा असतो. काही लोक स्वस्त मिळतो म्हणून कांद्याची अख्खी पिशवी गाडीत टाकून नेतात, तसे आपण करू नका. जानेवारीत येणारा हा लाल कांदा पाणीदार असतो आणि फार टिकत नाही; कोकणच्या दमट हवेत तर तो लवकर कोंब काढतो किंवा सडतो. शेतकऱ्याला पडत्या भावातही तो विकावा लागतो त्याचे कारण हेच आहे, कारण त्याला चाळीत साठवून वाट पाहता येत नाही. साठवणीचा कांदा उन्हाळी, एप्रिल-मेमध्ये निघणारा.

किरकोळ खरेदीसाठी मंडई आहे आणि मंडईबाहेर बसणारे शेतकरीही आहेत. २०१६ मध्ये राज्य सरकारने बाजार समितीच्या आवाराबाहेरील फळे-भाजीपाल्याचा व्यवहार नियमनमुक्त केला आणि शेतकरी आठवडी बाजारांना चालना दिली. त्या अभियानाला संत सावता माळी यांचे नाव दिलेले आहे आणि सावतोबांचे अरण हे आमच्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यात आहे. कांदा, मुळा, भाजीत विठाई पाहणाऱ्या संताच्या जिल्ह्यात माळव्याला, म्हणजे भाजीपाल्याला, मान मिळावा, असे मला मनापासून वाटते.

आता मुलाविषयी. मागील प्रतिसादातील सावधगिरी योग्यच आहे, पण त्यातून असे चित्र उभे राहते की त्या लेकराने सोलापुरात उपाशी राहावे. तसे नाही. त्याला हुरड्याला न्या. जानेवारीचा पहिला आठवडा म्हणजे हुरड्याचा ऐन हंगाम. ज्वारीची कणसे दाणा दुधात असताना तोडतात, शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवतात, कणसे त्या निखाऱ्यात भाजतात आणि गरम असतानाच हातावर चोळून दाणे पाखडून देतात. गूळभेंडी किंवा सुरती जातीचा हुरडा असेल तर तो इतका गोड असतो की बरोबर कशाचीही गरज नसते. हुरड्याबरोबर शेंगाचटणी हमखास ठेवतात, म्हणून आधी सांगून ठेवावे, हात धुवून घेतलेल्या माणसाकडून त्याच्यापुरती कणसे सर्वांत आधी आणि वेगळी चोळून घ्यावीत आणि घरून आणलेल्या वाटीत द्यावीत. गूळ आणि दही यांबरोबर तो पोटभर खाईल. शहराभोवती शनिवार-रविवारी हुरडा पार्ट्या होतात, पण तेथे गर्दी असते. ओळखीतून एखाद्या शेतकऱ्याकडे जाता आले तर ते अधिक चांगले.

बाळीवेस

ताई, मी बाळीवेशीत वाढले आणि आता पुण्यात असते, पण माहेरची मंडई अजून सुटलेली नाही.

वरील दादांनी यार्डाचे वर्णन आत्मीयतेने केले आहे, तरीही वयस्कर सासूबाई आणि लहान मूल बरोबर असताना मी आपल्याला यार्डात जायला सांगणार नाही. कांद्याच्या दिवसांत हैदराबाद रस्त्यावर मालमोटारींची रांग लागते, धूळ असते, हमालांना वाट मोकळी हवी असते आणि तेथे निवांत उभे राहण्याची सोय नाही. पतीराजांना हौस असेल तर त्यांनी एकट्याने जाऊन यावे. बाकीच्यांनी कस्तुरबा मंडई किंवा लक्ष्मी मंडई गाठावी.

सकाळी आठच्या सुमारास जा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भोगी अगदी तोंडावर आलेली असते, त्यामुळे मंडई वर्षभरात कधी नसते एवढी भरलेली असते. पावटा, हरभऱ्याचे डहाळे, गाजर, काटेरी वांगी, घेवडा, ऊस, बोरे आणि तीळ या भोगीच्या जिनसा सगळीकडे दिसतील. परंतु मी आपले लक्ष पालेभाज्यांकडे वेधू इच्छिते, कारण त्या चिपळूणला मिळणार नाहीत. करडईचा कोवळा पाला, हरभऱ्याचा शेंडा, चुका, चाकवत, अंबाडी. यातील करडई आणि हरभरा ही रब्बीची पिके आहेत. पावसाळ्यात काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती थंडीत वाढतात. सोलापूरला १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे केंद्र सुरू झाले ते याच प्रकारच्या शेतीसाठी. हरभऱ्याच्या पाल्यावर खारट-आंबट अंश असतो, म्हणून शिजवताना मीठ बेताने घालावे लागते. अंबाडीला आमच्या शेजारच्या कन्नड घरांत पुंडी पल्ले म्हणत आणि ज्वारीच्या कण्या घालून ती शिजवत. कच्च्या तेलाची धार घालून भाकरीबरोबर खाल्लेली ती भाजी मला अजून आठवते. सोलापूरचे जेवण मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चार घरांतून आलेले आहे. ते एका हॉटेलात सापडत नाही, परंतु मंडईतल्या एका ओळीत, कोण काय विकत घेतो हे पाहत राहिले तर कळते.

सासूबाईंसाठी लिंगायत पद्धतीची शाकाहारी खानावळ पाहावी. तेथे कांदा-लसूण असतो, तो चालत नसेल तर आधी विचारावे. भरली वांगी, झुणका, मोडाची उसळ, भाकरी, धपाटे आणि गोडाला मिळालीच तर गव्हाची हुग्गी. हुग्गी म्हणजे खपली किंवा कांडून कोंडा काढलेला गहू गुळात शिजवून केलेली दाट खीर; ती लग्नकार्यात व सणाला करतात आणि रोज मिळत नाही.

चटणीबाबत एक सांगायचे आहे. मोठ्यांसाठी चटणी न्यायची असेल तर पाकिटावरचे नाव न पाहता चटणी पाहावी. उखळात किंवा खलात कुटलेल्या चटणीला तेल सुटलेले असते, ती बोटांत दाबली तर गोळा होते आणि लसूण वेगळा दिसत नाही. यंत्रावर दळलेली कोरडी पूड असते. ती दह्यात कालवली तरी तिला ती चव येत नाही. चांगली चटणी भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरे आणि मीठ एवढ्यांचीच होते. परंतु आपल्या घरात ॲलर्जी असलेले मूल आहे. तेलकट चटणीची पिशवी गाडीत फुटली तर काय होईल याचा विचार करून, या वेळी ती नेऊच नये, असे माझे मत आहे. त्याऐवजी कडक भाकरी न्याव्यात. या भाकरी पातळ लाटून किंवा थापून भाजतात आणि मग मंद आचेवर पूर्ण वाळवतात. त्या कोरड्या डब्यात आठवडेच्या आठवडे टिकतात. शहरात अनेक महिला बचत गट त्या करून विकतात. मात्र त्याच घरात चटणीही कुटत असतील, तर मुलाला त्या देऊ नयेत.

वाशिष्ठीकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले त्याबद्दल मनःपूर्वक आभार. आमचे ठरत आले आहे. पूर्व भागातील न्याहारी आम्ही मोठे आळीपाळीने करू आणि मंडईत सगळे एकत्र जाऊ. दोन गोष्टी अजून विचारते. मुलाला दुपारचे गरम जेवण कोठे आणि कसे द्यावे? मुक्कामाच्या खोलीत स्वयंपाक करायचा नसेल तर काही मार्ग आहे का? आणि ज्वारी विकत न्यायची असेल तर धान्य न्यावे की पीठ?

लेकाची_आई

ताई, माझ्या मुलालाही हीच ॲलर्जी आहे आणि आम्ही सोलापुरातच राहतो, म्हणून अनुभवाचे लिहिते.

ज्वारीच्या भाकरीत पीठ, पाणी आणि कधी मीठ यांखेरीज काही नसते. बाहेर जेवताना आमचा मुलगा भाकरी, दूध किंवा दही आणि गूळ एवढेच खातो. भाकरी थापणाऱ्या बाईंच्या जवळ जाऊन मी शांतपणे सांगते की मुलाला शेंगदाण्याचा कणही चालत नाही, जीवावर बेतते. हात धुवून, कोरडे पीठ नवे घेऊन त्याची भाकरी आधी करून द्या. व्यवस्थापकाला सांगितलेले आत पोहोचत नाही, म्हणून भाकरी करणाऱ्या व्यक्तीलाच सांगावे. ‘ॲलर्जी’ हा शब्द पुष्कळांना पथ्यासारखा वाटतो आणि ‘थोडेसे चालेल’ असे समजले जाते. ‘खाल्ले तर श्वास अडकतो’ असे सांगितले की कोणीही आई लगेच समजते. मला येथे नकार क्वचित मिळाला आहे. उलट बायका तवा घासून भाकरी करून देतात. दही मात्र ताटातील वाटीतले घेऊ नये, बंद पाकिटातले आणावे, कारण वाटीत चटणीचा चमचा गेलेला असू शकतो.

जेथे गर्दी आहे आणि भाकरी करणारी व्यक्ती समोर दिसत नाही, तेथे मी मुलाला काहीच देत नाही. पार्क चौपाटीवर आम्ही संध्याकाळी जातो तेव्हा तो घरून आणलेला डबा खातो. चाटच्या गाड्यांवर शेव आणि फरसाण कोणत्या तेलात तळले आहे ते सांगता येत नाही.

तिळाविषयी आपल्या डॉक्टरांना जाण्यापूर्वी विचारून घ्यावे. जानेवारीत येथे बाजरीच्या भाकरीवर, लाडवांत आणि वड्यांत सगळीकडे तीळ असतो, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना तिळाचाही त्रास होतो. संक्रांतीच्या दिवसांत ओळखीचे लोक हातावर तिळगूळ ठेवतात आणि त्यातही शेंगदाण्याचे कूट असते. मुलाने स्वतः ‘नको’ म्हणायचे, कोणाला वाईट वाटले तरी चालेल, हे त्याला घरीच पक्के सांगून ठेवावे. इंजेक्शन गाडीत न ठेवता आपल्या पिशवीत ठेवावे, कारण येथे दुपारी गाडीत ऊन फार तापते. मुक्कामाच्या ठिकाणाजवळ चोवीस तास चालणारे रुग्णालय कोणते, हे पोहोचल्याबरोबर विचारून घ्यावे.

आणि मंडईत त्याला मनसोक्त फळे खाऊ द्या. आमच्या मुलाचे बाहेरचे खाणे म्हणजे फळेच. डाळिंब घेताना पूर्ण गोल फळापेक्षा किंचित कोनदार झालेले, बोटाने टिचकी मारल्यावर खणखणीत वाजणारे फळ घ्यावे. ते भरलेले निघते. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही येथेच आहे, त्यामुळे भगव्या जातीचे उत्तम फळ येथे मिळते. बोरे उम्रान जातीची घ्या. द्राक्षे जानेवारीच्या आरंभी थोडी आंबट असतात. फेब्रुवारीत आलात तर सोलापूरजवळच्या नान्नज गावाकडची काळी शरद सीडलेस द्राक्षे खायला मिळतील. ती जात आणि सोनाका या दोन्ही नान्नजच्या काळे कुटुंबाने पुढे आणल्या. सगळी फळे धुवून, आपल्या सुरीने कापून द्यावीत.

काळी_माती

ज्वारीबद्दलचा प्रश्न राहिला होता. धान्यच न्यावे. पीठ दळून काही दिवस गेले की त्याची चिकी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग भाकरी थापताना कडेला चिरते आणि उलटताना मोडते. तांदळाच्या भाकरीचा हात असलेल्या माणसाला तर ते आणखी अवघड जाते. शिवाय तुमच्या बाबतीत दुसरे कारण अधिक मोठे आहे. गिरणीत आमच्याकडे काय काय दळले जाते याची खात्री देता येत नाही, म्हणून आपल्या घरी किंवा ओळखीच्या गिरणीत आधी दुसरे धान्य दळून झाल्यावर ज्वारी दळावी.

मंगळवेढ्याची मालदांडी मागावी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. दाणा मोत्यासारखा पांढरा, टपोरा आणि चमकदार असतो. काळसर ठिपके असलेला दाणा पावसात सापडलेला असतो, तो घेऊ नये. जानेवारीत जी मिळेल ती मागील हंगामाची असेल, कारण नवी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. जुनी असली तरी कीड नसेल तर भाकरी चांगली होते. दुकानदाराला मूठभर दाणे हातावर घेऊ द्या म्हणावे, चावून पाहावे, खवट वास येत नाही ना हे पाहावे. नेल्यावर दोन उन्हे द्यावीत आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून हवाबंद डब्यात ठेवावी. चिपळूणच्या पावसाळ्यात ती टिकणार नाही, म्हणून जूनपर्यंत संपेल एवढीच न्यावी.

शनिवारी सकाळी मंडई, दुपारी हुरडा आणि रविवारी पहाटे पूर्व भाग असा क्रम ठेवला तर ठीक होईल. उन्हे चढल्यावर आगटीजवळ बसवत नाही, म्हणून शेतावर चारनंतर पोहोचावे.